पिवळा फातर

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे. दुकानावर बोर्ड आहे. बोर्डावर काहीही लिहिलेलं नाही. नुसता पांढरा रंग, आणि त्यावर खाणीच्या ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ. नवखं गिऱ्हाईक बाहेर घुटमळतं, आत आरसा दिसला की मग पायरी चढतं. कोणी बोर्डाचं विचारलंच, तर मी सांगतो, पेंटर मेला. पेंटर रघुनाथ जिवंत आहे, समोरच्याच हॉटेलात बसून चहा पितो, आणि हे कानावर गेलं की त्याला राग येतो. येऊ दे.

आत खुर्च्या दोन. आरशाकडे तोंड केलं की डावीकडची माझी, उजवीकडची जयरामची. तिच्यावर हल्ली वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. जयराम मूळचा मांद्र्याचा. त्याचा बाप पोर्तुगीजांच्या वेळी इथल्या लष्करी ठाण्यावर शिपायांच्या हजामती करायला म्हणून डिचोलीला आला आणि इथलाच झाला. माझा बाप बाजारात पिंपळाखाली बसायचा. दोघांनी मिळून हे दुकान घातलं, आणि दोघे गेल्यावर ते आम्हा दोघांकडे आलं. जयरामशी माझी ओळख कधी झाली असं विचारलं, तर मला सांगता येणार नाही. आपल्याच नाकाशी आपली ओळख कधी झाली, हे कोणाला आठवतं?

वस्तऱ्याची धार म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. वस्तऱ्याला धार दोन दगडांवर लागते. आम्ही दगड म्हणत नाही, फातर म्हणतो. मी मराठीचा कट्टर माणूस, पण फातराला दगड म्हणायला माझी जीभ वळत नाही. एक काळा फातर. तो माझ्या बापाचा, जरा खरखरीत. बोथट झालेला, दाते पडलेला वस्तरा त्याच्यावर ताळ्यावर येतो. दुसरा पिवळा. तो जयरामच्या बापाला एका पोर्तुगीज अधिकाऱ्याने गोवा सोडून जाताना दिला. सायीच्या रंगाचा, आणि इतका मऊ की कोरडा असतानाही हाताला ओला वाटावा. काळ्यावर धार निघते, पिवळ्यावर ती शांत होते. नुसत्या काळ्यावर लावलेला वस्तरा केस कापतो, पण कातडी ओरबाडतो. दाढी होते आणि गाल दिवसभर जळत राहतो. नुसत्या पिवळ्यावर बोथट वस्तरा घासत बसलात तर संध्याकाळ होईल, वस्तरा चकचकीत होईल आणि बोथटच राहील.

काळ्यावर मी बसायचो, पिवळ्यावर तो. हे कोणी ठरवलं नव्हतं. माझा हात जड, त्याचा हलका. फातरावर पाणी घालायचं, साबणाचा थोडा फेस. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही फातराला टेकलेली. धार पुढे ठेवून सरकवत न्यायचा आणि टोकाला गेलं की पाठीवर उलटायचा. धारेवर उलटला की केलेलं सगळं गेलं. आणि दाबायचं नाही. दाबू नये हे माझ्या बापाने मला कान पिळून शिकवलं, तरी मी दाबतोच. आपलं काम लवकर व्हावं असं वाटणारा माणूस दाबतो. जयरामला कसलीच घाई नसायची.

सोमवारी दुकान बंद. दुपारचं जेवण झालं की मी एकेक वस्तरा काळ्यावर काढून जयरामकडे सरकवायचो. तो पिवळ्यावर उतरवायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. उन्हं कलली की आम्ही एकमेकांची दाढी करायचो. हा आमच्या बापांपासूनचा रिवाज. धार लागली की नाही हे धार लावणाऱ्याला कळत नाही. अंगठ्याच्या नखावर बघा, हाताच्या लवेवर बघा, ती फसवते. ज्याच्या गालावरून ती जाते त्यालाच ते कळतं. म्हणून आठवड्याची पहिली दाढी एकमेकांची. ती उरकली की करणारा विचारायचा, "कशें?" समोरचा "लागता" म्हणाला की वस्तरा परत फातरावर. नाहीतर तो म्हणायचा, "कळ्ळेंच ना." कळलंच नाही. आमच्यात याच्याहून मोठी शाबासकी नव्हती. गिऱ्हाईक असं कधी म्हणत नाही. गिऱ्हाईक लागलं तरच बोलतं.

माझी बायको कमलाक्षी वारली, तेव्हा सुतक फिटल्यावरच्या पहिल्या सोमवारी मी दुकानात येऊन नुसता बसलो. काळ्या फातराला हात लावला नाही. जयरामने दोन्ही फातर स्वतःच केले, मला खुर्चीत बसवलं, दाढी केली, गरम टॉवेलाने तोंड पुसलं. त्या दिवशी त्याने "कशें" विचारलं नाही. मीच म्हटलं, "कळ्ळेंच ना," आणि मग मला रडू फुटलं. त्याने उठून दुकानाचं दार लावून घेतलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून माझं घर म्हणजे ती दुसरी खुर्ची, असं म्हटलं तरी चालेल.

मग ते भाषेचं वर्ष आलं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झाले, तिथे न्हाव्यांचं काय घेऊन बसलात! मी मराठीचा, जयराम कोकणीचा. याला काही कारण असावं असं तेव्हा वाटायचं. देवळातल्या मराठी शाळेत तो माझ्याच बाकावर होता. अभंग तो माझ्यापेक्षा चांगला म्हणायचा. कोकणीची बाजू मांडायचा ती मराठी वर्तमानपत्रं वाचून, आणि मी मराठीसाठी त्याच्याशी भांडायचो ते कोकणीत. पण हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही, आणि गिऱ्हाइकं मान आमच्या हातात देऊन दोन्हीकडून तेल ओतत होती.

त्यातच बोर्डाच्या रंगाच्या पापड्या पडायला लागल्या. बापांच्या वेळी त्यावर पोर्तुगीज होतं, मग आम्ही ते पुसून 'केशकर्तनालय' करून घेतलं होतं. रघुनाथला बोलावलं. त्याने बोर्ड खाली उतरवला, पांढरा हात मारला, वाळू दिला, आणि सोमवारी उन्हं कलता कलता अक्षरं काढायला आला. मी खुर्चीत होतो, तोंडाला फेस. जयरामने माझा उजवा गाल नुकता उरकला होता.

"कितें बरोवूं?" रघुनाथने ब्रश रंगात बुडवून विचारलं. काय लिहू?

"केशकर्तनालय," मी म्हटलं. "पयलीं आसलें तेंच."

जयरामचा हात थांबला. "ह्या फावट आमच्या भाशेंत बरोवया."

"आमची भास म्हणजे खंयची?"

"तूं आतां उलयता ती."

म्हणजे मी बोलत होतो तीच. रघुनाथ हसला. तो हसला नसता तर कदाचित सगळं तिथेच थांबलं असतं. मला राग आला की आधी जीभ चालते, डोकं मागून येतं.

"तुज्या भाशेंत ह्या दुकानाक उतर तरी आसा काय?" मी म्हटलं. उतर म्हणजे शब्द. "कितें बरोवया? म्हाल्याचें दुकान?"

"बरोवया," जयराम म्हणाला. "म्हालेच न्हय आमी?"

आमच्याकडे न्हाव्याला म्हालो म्हणतात. पण लोकांनी म्हणणं वेगळं आणि आपल्या दारावर आपणच रंगवून घेणं वेगळं. केशकर्तनालय म्हटलं की कसं, माणूस चपला काढून आत आल्यासारखा वाटतो. मी त्याला म्हटलं की तुला लाज नाही, कोणीतरी कान फुंकले आहेत तुझे, आणि आणखी बरंच काही. तो ऐकून घेत होता. वस्तरा हातात, डावा गाल फेसात तसाच. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "शांताराम, कमलाक्षीवैनीकडे तूं जल्मभर खंयचे भाशेंत उलयलो? मरतना ती तुजेकडेन कितें मागत गेली? मराठींत मागलें तिणें?"

कमलाक्षीने शेवटी उदक मागितलं होतं. पाणी नव्हे, उदक. जयरामला ते ठाऊक होतं, कारण पेला त्यानेच माझ्या हातात आणून दिला होता.

मी फेसासकट उठलो. "ह्या फुडें माजी मान तुज्या हातांत दिवचों ना."

दुसऱ्या धंद्यातली माणसं भांडली की म्हणतात, तुझं तोंड बघणार नाही, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. न्हाव्याने न्हाव्याला मान देणार नाही म्हणणं म्हणजे, तू माझा गळा कापशील, असं म्हणणं. जयरामने हातातला उघडा वस्तरा पुसला आणि मिटला. मी आरशासमोर उभा राहून डावा गाल स्वतःच उरकला, दोन जागी कापून घेतलं. वळून बघतो तर त्याने पिवळा फातर टॉवेलात गुंडाळून धोकटीत घातलेला.

"बापायचो तो," एवढंच म्हणाला.

काळा माझ्या बापाचा, पिवळा त्याच्या बापाचा. वाटणी चोख झाली. सबंध गोव्यात इतकी मूर्ख वाटणी दुसऱ्या कोणी केली नसेल. धारेची सुरुवात माझ्याकडे राहिली आणि शेवट तो घेऊन गेला. आठवड्याभरात बायको सुमंगलाला घेऊन तो मांद्र्याला निघून गेला. तिथे त्याचा मुलगा सिद्धेश होताच. चूक कोणाची, हे मी सांगत बसणार नाही. विचारलंतच, तर जयरामची.

रघुनाथ ब्रश धरून तसाच उभा होता. "मागीर कितें बरोवूं?" त्याने विचारलं. मी त्याची बिनपाण्याने केली. तेव्हापासून बोर्ड आहे तसा आहे.

आता गोकुळदास शेठचं सांगतो. बाजारात भुसारी मालाचं दुकान, गोरापान माणूस, कातडी तान्ह्या पोराची. दिवसाआड दाढी लागायची, आणि ती जयरामच्याच हातची. जयराम गेल्यावर तो नाइलाजाने माझ्या खुर्चीत बसू लागला, आणि महिनाभरात त्याच्या गळ्यावर पुरळ उठलं.

"शांताराम, तुजो वस्तरो लागता रे," तो म्हणायचा.

"गरमी कितली आसा, शेठ," मी म्हणायचो.

गरमी डिसेंबरात कुठली? मी म्हापशाच्या बाजारातून नवा फातर आणला, तो सुऱ्यांचा निघाला. शाळेच्या पाटीच्या पाठीवर घासून बघितलं. पट्ट्याला तेल चोळलं, तळहातावर वस्तरा ओढून ओढून तळहात लाल केला. काही उपयोग झाला नाही. गिऱ्हाइकं तुरटी लावली की डोळे मिटून घ्यायची आणि मी दुसरीकडे बघायचो. शेठ दिवसाआडचा आठवड्याने येऊ लागला. मला दाढी शोभते, असं लोकांना सांगू लागला. ती त्याला अजिबात शोभत नव्हती.

फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला. कोकणी झाली, मराठीचीही सोय ठेवली. आपण जिंकलो म्हणणारे दोन्हीकडे होते आणि आपण हरलो म्हणणारेही दोन्हीकडे होते. त्या दिवशी मी दुकानात बसून जयरामला काय काय ऐकवायचं ते ठरवत होतो. चांगली चांगली वाक्यं सुचली, एकेक असं की तो निरुत्तरच व्हावा. ऐकवायला समोर खुर्ची होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रं. मेअखेरीस गोवा घटकराज्य झालं, तेव्हा बाजारात पेढे वाटले. वाटणाऱ्याने जुन्या सवयीने माझ्या हातावर दोन ठेवले. मी दोन्ही खाल्ले. दुसरा गोड लागला नाही.

सगळ्यांत वाईट सोमवार. दुकान बंद, घरी जाऊन करायचं काय म्हणून मी दुकानातच येऊन बसायचो. काळ्यावर वस्तरे काढायचो आणि काढून झाला की सवयीने उजवीकडे सरकवायचो. तिथे तो पडून राहायचा. मग माझी दाढी मीच करायचो. आरशातला माणूस हात चालवतो, पण विचारत नाही, कशें. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना अशी गत. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला जयराम हवा होता. फातर हे सांगायला बरं पडतं म्हणून.

दिवाळी झाली आणि मी मनाशी हिशेब मांडला. मला जसं पिवळ्यावाचून अडतं, तसं त्याला काळ्यावाचून अडतच असणार. तोही तिकडे बोथट वस्तरे घेऊन बसला असेल. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणून येत नसेल. तेव्हा आपणच काळा फातर घेऊन जायचं. सहज या बाजूला आलो होतो म्हणायचं, दे तुझे वस्तरे, काढून देतो. मग तो पिवळा काढेल. मग दाढी. मग बोलणं निघेल आणि मी सांगेन, बोर्ड अजून कोरा आहे, ये आणि तुला हवं ते लिही, म्हाल्याचें दुकान लिही हवं तर. एवढं मी म्हटल्यावर तो येणार नाही असं होईलच कसं? मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली.

सोमवारी सकाळी बेकरीतले उंडे आणि चहा घेतला आणि म्हापशाची बस धरली. म्हापशाहून शिवोली. तिथे फेरीबोट पलीकडच्या काठाला होती, ती येईपर्यंत धोकटी मांडीवर घेऊन बसलो. काळा फातर चांगलाच जड आहे. शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "खंय वता रे भावा?"

"इश्टागेर," मी म्हटलं. मित्राकडे. हा शब्द जयरामसाठी मी आजवर कधी वापरला नव्हता, गरजच पडली नव्हती. फेरीबोटीतून उतरेपर्यंत मी तो मनातल्या मनात घोळवत होतो.

मांद्र्याला उतरून विचारत विचारत गेलो. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर माडांत सिद्धेशने गोऱ्या लोकांना राहायला खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यांना लागूनच जयरामचं दुकान. झावळ्यांचं छप्पर, एक खुर्ची. आधी मी बोर्ड बघितला. वर्षभर मला खात्री होती की त्याने कोकणीत मोठा बोर्ड लावला असेल, आणि तो बघून जीव जळू द्यायचा नाही असं मी बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. बोर्ड इंग्रजीत होता. खाली कातरीचं चित्र. मी पुन्हा वाचला. मराठी नाही, कोकणी नाही, नुसती इंग्रजी.

जयराम बाहेर आला. थोडा सुटला होता, उन्हाने काळवंडला होता. "आयलो?" म्हणाला. मी जसा समोरच्या हॉटेलात चहाला गेलो होतो आणि जरा वेळाने परत आलो.

"हें कितें?" मी बोर्डाकडे बोट दाखवलं. पहिलं वाक्य म्हणून मी हे ठरवलं नव्हतं.

"गोरे येतात मरे. तांकां आनीक कितें वाचपाक येतलें?" त्याने खुर्ची झटकली. "बस. तुजी अर्दी खाड उरल्या."

खाड म्हणजे दाढी. अर्धी दाढी राहिली आहे तुझी. वर्षभर गोळा केलेली सगळी वाक्यं माझ्या डोक्यातून अशी गेली, की एकही हाताला लागेना. धोकटी पायाशी ठेवून मी बसलो. मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मान देणार नाही म्हणून ओरडलेला मीच तो, हे त्याच्या मनात आलं असेल तर त्याने दाखवलं नाही. फेसाचा ब्रश गालावर फिरला. त्याचा हात हनुवटीला लागला आणि माझ्या घशात आवंढा आला. न्हाव्यापासून आवंढा लपत नाही. तो गिळून होईपर्यंत जयराम थांबला.

मी पट्ट्याच्या आवाजाची वाट बघत होतो. पट्टा वाजलाच नाही. कागद फाटल्यासारखं काहीतरी वाजलं, मग बारीक कट् असा आवाज. मला वाटलं, हात धुऊन कागदाला पुसत असेल. मग डाव्या गालावरून धार आली आणि गेली. कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीखाली, गळ्यावर. मी सगळा जीव गालात आणून तिला शोधत होतो. कुठेच सापडली नाही.

"कशें?" जयरामने विचारलं.

वर्षभर हा शब्द मी ऐकला नव्हता. "कळ्ळेंच ना," मी म्हटलं. खोटं बोललो नाही. खरंच कळलं नव्हतं.

डोळे उघडले. तो हसत होता. हातातली वस्तू त्याने माझ्यापुढे धरली. वस्तऱ्यासारखीच मूठ, पण पुढे खाचेत अर्धं ब्लेड बसवलेलं. त्याने ते काढून डब्यात टाकलं.

"दर गिऱ्हायकाक नवें," म्हणाला. "पाकीट फोडलेलें पळयल्याबगर गोरे बसनात. आतां गांवचे लोकय तेंच मागतात. घासचें ना, पट्टो ना. हात दुखना." मघाशी फाटलं ते पाकीटच, गोऱ्यांना ते समोर फोडलेलं दिसावं लागतं.

"आनी फातर?"

"खंयचो फातर?" आणि मग त्याला आठवलं. आठवलं, म्हणजे आधी आठवत नव्हतं. त्याने आत हाक मारली, "सुमंगला, तो पिवळो फातर खंय गे?"

सुमंगला स्वयंपाकघरातून तो घेऊन आली. समुद्राच्या वाऱ्याने मागचं दार आपटायचं, म्हणून तिने तो दाराला लावला होता. कडेला माती लागली होती, बाकी तसाच होता. तिने पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भावजी, जेवल्याबगर वचूं नाकात. हुमण केलां." म्हणजे माशाची आमटी.

"व्हर तूं," जयराम म्हणाला. "माका आतां कित्याक? तुज्या तरी उपेगी पडटलो."

ज्याच्यासाठी मी वर्षभर जळलो तो फातर त्याने मला असा दिला, जसा कोणी परतीच्या पाहुण्याला नारळ देतो. मी पायाशी ठेवलेली धोकटी उघडली नाही. काळा फातर आत होता तो आतच राहिला.

जेवताना मी विचारायचं ते विचारलं. विचारल्याशिवाय परत गेलो असतो तर जन्मभर त्याच्यावर राग धरायची सोय राहिली असती, पण विचारलं. म्हटलं, बोर्ड कोरा आहे, तुला हवं ते लिहू, चल परत.

त्याने भाताचा घास तसाच हातात धरला. "अजून कोरोच?" आणि तो इतका मनापासून हसला की मलाही हसू आलं. "सोड मरे तें. हांगा दिसभर हांव पडत-झडत इंग्लीश उलयतां. कसली भास आनी कसलें कितें! आतां खंय येवं, शांताराम? सिद्धेशान कुडी बांदल्यात, नातू जाला. तूंच यो. सोमारा यो, जेवंक यो."

त्याचा नुसता राग गेला होता असं नाही. तो केव्हा गेला हेही त्याला आठवत नव्हतं. मी भांडण नीट जपून ठेवलं होतं, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला जयराम आहे असं मी धरून चाललो होतो. त्याने आपलं टोक कधीच सोडून दिलेलं. रागावला असता तर मी त्याची समजूत काढली असती. सुखात असलेल्या माणसाची समजूत काय काढणार? आणि जेवायला ये म्हणतात ते पाहुण्याला. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाला कोणी जेवायला ये म्हणत नाही.

तो मला बसपर्यंत पोचवायला आला, पिवळा फातर माझ्या हातात होता. धोकटी त्याने उचलून वर दिली आणि म्हणाला, "जड गे बाय! कितें घातलां हातूंत?"

"सामान," मी म्हटलं.

परत आलो तेव्हा अजून उजेड होता. घरी न जाता दुकान उघडलं, दोन्ही फातर मेजावर शेजारी शेजारी ठेवले, पाणी घातलं. काळ्यावर वस्तरा काढला आणि सवयीने उजवीकडे सरकवला. मग उठलो, उजवीकडे जाऊन बसलो आणि तो मीच उचलला. पिवळ्यावर माझा हात आजवर कधी गेला नव्हता. पण त्या दिवशी मी दाबलं नाही. दाबायला अंगात काही उरलंच नव्हतं. वस्तरा आपल्याच वजनाने जात होता आणि येत होता, आणि पिवळा फातर अगदी बारीक आवाज करत होता, जो वर्षभर मी ऐकला नव्हता. मग पट्ट्यावर ओढला. नखावर बघितला, लवेवर बघितला. धार फसवते हे ठाऊक होतं, तरी बघितला.

बुधवारी डिचोलीचा बाजार. गोकुळदास शेठ दाढीची खाज सहन होईना म्हणून आला आणि गळा आधीच आक्रसून माझ्या खुर्चीत बसला. मी फेस केला आणि वस्तरा लावला. पहिल्या दोन हातांत त्याचे खांदे खाली आले. गळ्यावर गेलो तेव्हा तो घोरत होता. सगळं उरकलं, गरम टॉवेल ठेवला, काढला, तरी तो झोपलेलाच. बाहेर बाजार गजबजला होता. मी वस्तरा हातात धरून उभा राहिलो. विचारायला तोंड उघडलं होतं, पण झोपलेल्या माणसाला काय विचारणार, कशें?

मग त्याला जाग आली. त्याने गालावरून हात फिरवला, गळ्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला. आरशात माझ्याकडे न बघता त्याने वळून उजवीकडच्या खुर्चीकडे बघितलं. मी ती पुसून ठेवली होती ना, वर्तमानपत्रं अजून खालीच होती.

"जयराम परतून आयलो काय रे?" त्याने विचारलं.

"ना, शेठ," मी म्हटलं. "फातर आयलो."

मी त्याच्या गळ्यावर तुरटी फिरवली, तिची गरज नव्हती तरी, आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून पुन्हा त्या खुर्चीवर ठेवला.